सव्हाना सुरू कुठून होतं?

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मला आधी दारच सापडेना. त्रिनिदाद आणि टोबॅगोची ही राजधानी, आणि बघण्यासारख्या ठिकाणांच्या यादीत पहिलं नाव क्वीन्स पार्क सव्हाना. कुंपण असेल, तिकीटखिडकी असेल, निदान एखादी कमान असेल, असं मी धरून चालले होते. समोर मात्र नुसतं मैदान. सुमारे 260 एकरांचं. कुणी धावतंय, कडेला शहाळेवाला कोयता चालवतोय आणि भोवतीने गाड्या एकाच दिशेने फिरताहेत. ‘सव्हाना कुठून सुरू होतं?’ असं शहाळेवाल्याला विचारलं, तर त्याने हात चहूकडे फिरवला.

मग चालत सुटले. ही जमीन पूर्वी उसाच्या मळ्याची. 1817 मध्ये सरकारने ती पेशिए कुटुंबाकडून घेतली, पण त्यांचं छोटं दफनस्थान मात्र त्यांच्याकडेच राहिलं. मैदानाच्या पोटात, भिंतीआड ते आजही आहे. कार्निव्हलच्या दिवसांत स्टीलपॅनच्या वाद्यवृंदांची मोठी स्पर्धा याच मैदानात रंगते.

पश्चिमेच्या कडेला ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ या सात इमारती ओळीने उभ्या आहेत. शेजारीशेजारी असून एकीचं दुसरीशी काही म्हणजे काही जुळत नाही. स्टोलमायर्स कॅसल स्कॉटलंडमधल्या गढीसारखा बुरूजदार, तर मिल फ्लर लाकडी जाळीकामाने नटलेलं. कुठे बघावं हेच कळेना. यांतल्या काही वाड्यांमागे कोकोचा पैसा होता, हे समजल्यावर एवढ्या थाटाचा उलगडा झाला. मला सगळ्यात आवडलं ते घड्याळाच्या मनोऱ्याचं क्वीन्स रॉयल कॉलेज. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स, आणि लेखक सी. एल. आर. जेम्स व व्ही. एस. नायपॉल हे तिघेही इथलेच विद्यार्थी. दर्शनी भाग कितीही देखणा असो, ती चालती शाळा आहे याचं मला जास्त अप्रूप वाटलं.

शहरातल्याच सेंट जेम्स या भागात जायचं तर टॅक्सी कुठली, हा पुढचा प्रश्न. साध्याच दिसणाऱ्या मोटारी. नंबरप्लेटवर सुरुवातीला ‘एच’ असेल तर ती भाड्याची, हे एका बाईंनी सांगितलं. आपल्या शेअर रिक्षासारखी ती ठरलेल्या रस्त्यावरून जाते. चढणारा प्रत्येक जण आधी सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो आणि गाडीतले सगळे उत्तर देतात. अनोळखी शहरात इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

वाटेत डबल्स खाल्ले. हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या, ज्यांना इथे ‘बारा’ म्हणतात, आणि त्यांवर शिजवलेले छोले. विक्रेता भराभर विचारतो, ‘पेपर?’ म्हणजे तिखट किती घालू. ‘स्लाइट’ म्हणावं. तेवढ्यानेही कान तापतात, आणि मी हे तिखट खाणाऱ्या घरातली असून सांगते आहे.

सेंट जेम्समध्ये बॉम्बे स्ट्रीटची पाटी दिसली आणि मी थबकलेच. पण यावरून इथे मुंबईची माणसं आली असतील असं समजू नये. 1845 मध्ये ‘फातेल रझाक’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, उतरले. तेव्हापासून 1917 पर्यंत आलेले बहुतेक जण कोलकात्याच्या बंदरातून निघालेले, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे; काही मद्रासहून. मोहरममध्ये इथे ‘होसे’ असतो. ताशांच्या गजरात कागदाचे आणि बांबूचे उंच ताजिये निघतात आणि त्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. तो बघायचा तर तारखा चांद्र पंचांगावरून आधी काढून ठेवाव्यात.

परतताना क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेटच्या मैदानापाशी उतरले. यादीत हे नाव बरंच खाली होतं. मराठी माणसाने ते वर न्यावं, असं मला मनापासून वाटतं. मार्च 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं, ते इथेच. त्या सामन्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 112 धावा काढल्या आणि सुनील गावसकरांनी पदार्पणात 65 आणि नाबाद 67. त्याच मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत, याच मैदानावर, गावसकरांनी 124 आणि 220 काढले. लॉर्ड रिलेटर या इथल्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. 1976 मध्ये 403 धावांचं लक्ष्यही भारताने इथेच गाठलं.

फाटकावरच्या वयस्क गृहस्थांना गुड आफ्टरनून म्हणून, मी महाराष्ट्रातून आल्याचं सांगितलं. त्यांनी गावसकरांचं नाव घेतलं, ते अपेक्षितच होतं. मी म्हटलं, ‘आणि सरदेसाई?’ त्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला बसायला सांगितलं.