‘जान पहचान हो’च्या मागची माणसं

गिरगाव, मुंबई
रविवार

चि. सायलीस,


तुझ्या मैत्रिणींनी ‘घोस्ट वर्ल्ड’ हा २००१चा अमेरिकन सिनेमा लावला, सुरुवातीलाच ‘जान पहचान हो’ दणाणलं आणि सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या, हे वाचून हसू आलं. त्यांचा प्रश्न मात्र चांगला आहे: त्या काळी मुंबईत असलं रॉक अँड रोल वाजवत कोण होतं? आणि तुझा, जरा ओशाळून विचारलेला: हे आपण त्यांचंच उचललंय का गं?

आधी तुझं उत्तर. गाणं १९६५च्या ‘गुमनाम’मधलं. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशनचं, आवाज रफीचा. मुखवटा लावून बेभान नाचते ती लक्ष्मी छाया. आता याच सिनेमातलं लताबाईंचं शीर्षकगीत ऐक आणि लगोलग हेन्री मॅन्सिनीचं १९६३च्या ‘शराड’चं संगीत लाव. चाल कुठून आली ते लपत नाही. म्हणजे एकाच सिनेमातलं एक गाणं तिकडून आलं आणि दुसरं पुढे तिकडे गेलं. उचलेगिरी झाली, ती कबूल करावी. पण चाल उचलता येते, ती वाजवणारे हात उचलून आणता येत नाहीत. ते इथेच होते, आणि बरेचसे गोव्याचे.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत. कागदावरचं पाश्चात्य संगीत ही मुलं वर्तमानपत्रासारखं वाचायची. गावात त्यावर पोट भरणं कठीण, म्हणून ती मुंबई, कलकत्ता, कराची अशी बाहेर पडली. आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, धोबी तलावाला, गोव्यातल्या गावागावांचे ‘कूड’ होते. नवा आलेला मुलगा आधी आपल्या गावच्या कुडात पथारी टाकायचा आणि मग काम शोधायचा. हॉटेलांत नाचासाठी बँड होते, तिथे जॅझ वाजवायला मिळे. १९५०च्या सुमारास मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतली रात्रीची गर्दी ओसरली, आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगचं काम वादकांना जास्तच हवंसं झालं.

सिनेमालाही ते हवेच होते. आपले संगीतकार पेटीवर चाल बांधत, तोंडी सांगत. पण समोर पन्नास-साठ वादक बसले की प्रत्येकाला काय वाजवायचं ते लिहून द्यावं लागतं. ते काम अरेंजरचं. शंकर-जयकिशनकडे ते सेबॅस्टियन डिसोझा करत. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत. ठेक्याची बाजू दत्तारामची, तेही मूळचे गोव्याचेच. तेव्हा गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी रेकॉर्ड होत. एकाची चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. अशा ठिकाणी समोरचा कागद पाहून लगेच बिनचूक वाजवणाऱ्याची किंमत किती, विचार कर!

‘गुमनाम’च्या गाण्यातही हेच मिश्रण आहे. गिटार तिकडची, पण बांधणी आपली मुखडा-अंतऱ्याची, आणि रफीचा गळा उर्दू शब्दांवर पोसलेला. चार पोरांच्या इंग्रजी बँडला जे सुचलं नसतं, ते अख्ख्या वाद्यवृंदाच्या भरवशावर इथे सुचलं.

या लोकांची नावं मात्र रसिकांपर्यंत फारशी पोचली नाहीत. पडद्यावर नाव आलंच, तर ते सहायकांच्या यादीत. वादकांचं तर तेही नाही. अपवाद एकच आठवतो. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं होतं. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त लक्ष्मीकांत-प्यारेलालनी त्यांचं नावच गाण्यात घातलं. अमिताभमुळे ते देशभर पोचलं, पण या नावाचा खराखुरा माणूस आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

तेव्हा मैत्रिणींना सांगताना रफी आणि शंकर-जयकिशनपाशी थांबू नकोस. सेबॅस्टियन आणि दत्ताराम ही नावंही सांग. आणि कानाला हेडफोन लावून कडव्यांच्या मधली जागा ऐकायला लाव. रफी गप्प असतो, तेव्हाच तर सेबॅस्टियनचं लिहिणं नीट ऐकू येतं.

जावईबापूंना आशीर्वाद. थंडीत कान झाकून फिर.

तुझी,
मावशी