बिब्याची बदनामी

जुळत आलेल्या सोयरिकीत कोणी मोडता घातला, की आपण म्हणतो, 'त्याने बिब्बा घातला.' भाषेनेच ज्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, असे झाड विरळाच. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगरउतारांवर हिरडा-ऐनाच्या सोबतीने उभे असलेले हे मोठ्या पानांचे झाड पाहिले, म्हणजे हा निवाडा आम्हाला एकतर्फी वाटू लागतो.

आंबा, काजू आणि चारोळी हे बिब्याचे गणगोत. त्याच्या नारिंगी, मांसल देठाच्या टोकाशी काळे, हृदयाच्या आकाराचे फळ येते. या आकारावरूनच युरोपातील जुने औषधविक्रेते त्याला 'अनाकार्डियम' म्हणत. पुढे शास्त्रज्ञांनी ते नाव ब्राझीलच्या काजूला देऊन टाकले, आणि १७८२ साली थोरल्या लिनिअसच्या पुत्राने बिब्याच्या प्रजातीला नवे नाव दिले : 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचे फळ. ते सार्थही होते. बिब्याच्या रसाने चुन्याच्या साहाय्याने केलेली परटाची खूण कितीही धुतली तरी जात नसे.

हा रस अंगाला लागला, की फोड येतात, बिब्बा 'उततो'. म्हणून लाकूडतोड्याची कुऱ्हाडही या झाडापाशी बिचकते. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला. देवराईला देवाचे भय राखते. बिब्याला त्याचा स्वतःचा चीक राखतो. आयुर्वेदाने मात्र याच 'भल्लातका'ला विटेच्या पुडीत घोळून, शुद्ध करून औषधात मानाचे स्थान दिले. जाणत्या वैद्यावाचून त्याच्या वाटेस कोणी जाऊ नये, हेही तितकेच खरे.

त्या दाहक कवचाच्या आत असते गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवांत ती आपण कौतुकाने घालतो. परंतु ती तिथवर येते कशी, हे क्वचितच विचारतो. विदर्भ-मराठवाड्यात कित्येक गरीब स्त्रिया एकेक बिब्बा दगडावर ठेवून फोडतात. हातांना राख चोळली तरी तेल उडतेच. बोटे काळवंडतात, कातडी सोलून निघते, डोळ्यांना धोका असतो तो वेगळाच. परटाच्या कपड्यावरील खूण मालकाची ओळख पटविते; या हातांवरील खूण पाहून मात्र कोणी त्यांची ओळख विचारीत नाही.

बिब्बा आपले तेल लपवीत नाही. आपल्या आत काय आहे, हे तो पहिल्याच स्पर्शाला सांगतो. दुसऱ्याच्या सोसण्यावर निमूटपणे गोड होणारे आपले ताट तेवढे प्रामाणिक आहे काय? गोडंबीचा भाव करताना तो त्या हातांचाही भाव असतो, एवढे जरी आपण ध्यानी धरले आणि दोन रुपये कमी करण्याचा हट्ट सोडला, तरी बिब्याची अर्धी बदनामी पुसली जाईल, असे आम्हाला वाटते.