निष्पाप बालकांचा सण

प्रिय ताई,

नाताळचा गोठा अजून उभा असताना 28 डिसेंबरला वेदीवरून बाळांच्या कत्तलीचं वाचन कशाला, हा तुझ्या पत्रातला प्रश्न रास्त आहे. माझं मत आधी सांगून टाकते: तो दिवस वगळला, तर नाताळचा अर्थ अर्धाच हाती राहील. ज्यांनी काहीच केलं नाही, ज्यांना येशूचं नावही ठाऊक नव्हतं, अशा तान्ह्या मुलांना ख्रिस्तसभा त्या दिवशी संत म्हणते. देवाची कृपा माणसाच्या कर्तबगारीची वाट पाहत नाही, असं आपण गव्हाणीतल्या बाळाकडे बघून सहज म्हणतो. ते आपण खरोखर मानतो की नाही, याची कसोटी बेथलेहेमच्या या बाकीच्या बाळांपाशी लागते.

हेरोद राजाने बेथलेहेममधल्या दोन वर्षांखालच्या मुलग्यांना मारवलं, ही घटना घडलीच नसेल, असं तू लिहितेस, आणि त्या शंकेला आधार आहे. चार शुभवर्तमानकारांपैकी ती फक्त मत्तय सांगतो. हेरोदाच्या कारकिर्दीवर पानंच्या पानं लिहिणारा यहुदी इतिहासकार जोसीफस तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. शिवाय फारो आणि बाळ मोशे यांच्या कथेशी तिचं साम्य उघड आहे. मत्तयाला वाचकाच्या मनात मोशे आणायचाच होता. पण जोसीफसनेच रंगवलेला हेरोद पाहा. त्याने पत्नी मरियमनेला मारलं, इ. स. पूर्व 7 च्या सुमारास अलेक्झांडर आणि अरिस्टोब्युलस या दोन मुलांचा जीव घेतला, आणि इ. स. पूर्व 4 मध्ये स्वतः मरायच्या पाच दिवस आधी तिसऱ्या मुलाला, अँटिपाटरला, संपवलं. गादीच्या भीतीने पोटच्या पोरांना न सोडणारा राजा एका खेड्यातल्या परक्या मुलांना सोडेल, असं कोण म्हणेल? बेथलेहेम लहान होतं. दोन वर्षांखालचे मुलगे तिथे फार तर डझन-दोन डझन असतील, आणि राजदरबाराचा इतिहास अशा मरणांची नोंद ठेवत नाही. यातून घटना सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण जोसीफसच्या मौनातून ती खोटीही ठरत नाही. पुढे पूर्वेकडच्या उपासनेत हा आकडा 14,000 वर गेला. ती वाढ मला खटकते. थोडी मुलं मेली तर शोक कमी पडतो, असं कुणाला वाटलं असेल का? मत्तय आकडा देतच नाही.

तुझा दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. हुतात्मा तो, जो जाणूनबुजून प्राण देतो. या मुलांनी तर काहीच निवडलं नव्हतं. जुन्या धर्मपंडितांनाही हे बोचत होतं. देवाने चमत्कार करून त्या बाळांना त्या क्षणी समज दिली असावी, अशी वाट काहींनी काढली होती. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ती नाकारली. शास्त्रात याला पुरावा नाही, म्हणून इतरांना जे स्वतःच्या इच्छेने मिळतं ते या बाळांना केवळ कृपेने मिळालं असं म्हणणं बरं, असा त्यांचा निर्वाळा. स्नानसंस्कार घेणारं तान्हं बाळ तरी कुठे काय कमावतं? याच दृष्टीने 26 ते 28 डिसेंबर हे संत स्तेफन, संत योहान आणि ही बाळं यांच्या सणांचे तीन दिवस एकत्र वाचायला हवेत. स्तेफनने मरण स्वीकारलं आणि तो मेलाही. योहानाची तयारी होती, पण परंपरेनुसार तो म्हातारपणी शांतपणे गेला. बाळं मेली, पण त्यांची इच्छा कुणी विचारली नाही. तिघेही गव्हाणीच्या सारखेच जवळ आहेत. ज्यांची बुद्धी कधी उमललीच नाही, ज्यांना बोलता येत नाही, जे जन्मून दोन दिवसांत गेले, त्यांच्याविषयी आपण काय मानतो, ते इथे ठरतं.

उरला तो सर्वांत कठीण प्रश्न: बाळ येशूला वाचवण्यासाठी योसेफाला स्वप्नात इशारा मिळाला, मग इतर बापांना का नाही? वाचलेलं बाळ पुढे क्रुसावर गेलंच, असं उत्तर देतात. ते खरं आहे, देव या दुःखाबाहेर उभा राहिला नाही एवढं त्यातून कळतं. पण त्या रात्रीच्या आईपुढे ते मांडायला माझी जीभ रेटणार नाही. मत्तयही तसं करत नाही. तो यिर्मयाच्या 31व्या अध्यायातली राहेल उभी करतो, मुलांसाठी रडणारी, सांत्वन नाकारणारी. यिर्मयात लगेच पुढच्या ओळींत देव तिला रडणं आवरायला सांगतो, मुलं परत येतील असं वचन देतो. मत्तय त्याआधीच थांबतो. ती बाळं मेली म्हणून काही भलं झालं, असं तो कुठेही सुचवत नाही. ख्रिस्तसभेनेही हा शोक दीर्घकाळ सांभाळला: 1960 च्या सुधारणेपर्यंत हा सण रविवारी आला नाही, तर धर्मगुरू जांभळा झगा घालत, आणि ऐन नाताळात ग्लोरिया व आल्लेलूया गाळले जात. आता रक्तसाक्षींचा लाल रंग असतो. लाल रंग बाळांच्या गौरवाचा आहे, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण जांभळा त्यांच्या आयांचा होता, तो गेल्याची मला हळहळ वाटते.

यंदा त्या दिवशीच्या मिस्सेला जाण्याआधी यिर्मयाचा तो अध्याय पुरा वाच. मत्तयाने वचन गाळलं, की ते देण्याची वेळ अजून आली नव्हती असं त्याला वाटलं? मी दुसऱ्या बाजूला झुकते. तुला काय वाटतं ते सविस्तर कळव.

तुझी,
धाकटी बहीण