सर्व्हर डाऊन आहे, पण किल्ली कुणाकडे?

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." कुपवाडकरांनो, हे वाक्य आता आपल्याला पाठ झालंय. दाखल्याला जा, उताऱ्याला जा, तेच. खिडकीवरच्या माणसावर चिडून उपयोग नाही. मशीन असतं भलत्याच शहरात आणि ते सांभाळणारा बसलेला असतो तिसरीकडंच.

१९ जुलै २०२४ आठवतोय? सकाळी साडेनऊनंतर क्राऊडस्ट्राइक कंपनीचं एक सदोष अपडेट जगभर गेलं. कंपनीनं ते ७८ मिनिटांत मागं घेतलं, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला होता. मुंबई विमानतळावर चेक-इन हातानं करायची वेळ आली, देशात काही प्रवाशांना पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. खरी गोम पुढं आहे. मशीन सुरूच होईना, तर लांबून दुरुस्ती पोचणार कशी? बऱ्याच ठिकाणी माणसानं मशीनसमोर जाऊन, सेफ मोडमध्ये एक फाइल पुसायची. त्यात डिस्कला कुलूप असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधा!

नेटवर्कवाल्यांची यावर जुनी युक्ती आहे. लांबच्या राऊटरमध्ये धोक्याचा बदल करण्याआधी त्याला सांगून ठेवायचं, दहा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट हो. मग बदल करायचा, पण सेव्ह करायचा नाही. सगळं नीट चाललं तर रीस्टार्ट रद्द करून सेव्ह. आपलाच संपर्क तुटला तर गप्प बसायचं. दहा मिनिटांनी यंत्र जुन्या सेटिंगवर परत येतं. 'नासा'चंही तेच. जुलै २०२३ मध्ये चुकीच्या आदेशानं व्हॉयेजर-२ ची अँटेना २ अंशांनी वळली, संपर्क गेला. तो पुढं ४ ऑगस्टला जोडला गेला, पण नसता जुळला तरी १५ ऑक्टोबरला यान आपोआप दिशा सुधारणार, ही सोय आधीच होती. तिकडं कोण जाणार होतं बटण दाबायला?

आणि आपल्याकडं? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला कृष्णामाई सांगलीत शिरली, रस्ते बंद झाले. अशा दिवशी बंद पडलेल्या मशीनपर्यंत माणूस होडीतून पाठवणार का?

म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. मोठा बदल करण्याआधी बॅकअप घेतात का? आधी एका मशीनवर तपासतात का? परतीची वाट ठेवतात का? रिकव्हरी की कार्यालयाकडं आहे की ठेकेदाराच्या मोबाइलमध्ये? उत्तर आलं की इथंच टाकतो.