यंत्र काही गाळत नाही

मगरिबनंतर चहा झाला की मी टेबलाशी बसतो. टेबलावर वाकलेल्या मानेचा एक कॅमेरा उभा आहे. त्याखाली कागद ठेवायचा, कडा बोटांनी चाचपून सरळ करायच्या आणि एक बटण दाबायचं. ‘क्लिक’ असा आवाज येतो, काही सेकंद जातात आणि एक बाई तो कागद वाचायला लागते. वीजबिल असो की कथा, तिचा सूर तोच.

तीन वर्षांपूर्वी माझी उरलीसुरली नजर गेली. आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं दिसेनासं होतं. मग बाजूचं दिसणं कमी होत जातं आणि नळीतून पाहिल्यासारखं जग दिसतं. माझ्या बाबतीत शेवटी ती नळीही बंद झाली. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वाचणं हीच माझी रोजीरोटी.

लोक म्हणतात, हे सगळं फोनवरही होतं, वेगळं यंत्र कशाला? फोनवर होतं, खरं आहे. पण ज्याला दिसत नाही त्याने फोन किती उंच धरायचा, कागदाचा कोपरा सुटला की नाही, हे कसं ओळखायचं? त्यात मध्येच कुणाचा तरी फोन येतो. या यंत्राचा कॅमेरा जागचा हलत नाही, बटणं बोटांना कळतात. कागद उलटा ठेवला तरी ते सुलटा करून वाचतं. अशा यंत्राचा जन्म १९७६ सालचा. अमेरिकेत रे कर्झवाईल यांनी छापील मजकूर मोठ्याने वाचणारं यंत्र तयार केलं. अंध गायक स्टीव्ही वंडर त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी एक. तेव्हा ते सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. माझंही काही स्वस्त नाही, हप्ते अजून चालू आहेत.

ते चुका करतं. ‘घर’चं ‘धर’ करतं, वर्तमानपत्राच्या दोन रकान्यांची खिचडी करतं. हाताने लिहिलेलं त्याला जमत नाही, त्यामुळे मुलांच्या उत्तरपत्रिका अजून सहकारी वाचून दाखवतात. पण एक गोष्ट ते कधीच करत नाही. ते काही गाळत नाही. पुस्तक ठेवलं तर किंमत, मुद्रकाचा पत्ता, पान क्रमांक, सगळं वाचतं. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा.

यंत्र आल्यावर पहिल्या आठवड्यात मी घरातली जुनी कागदपत्रं एकेक करून त्याच्याखाली ठेवली. इशानंतर सगळे झोपले की कानात हेडफोन घालून ऐकायचो. मी काय वाचतोय हे कुणालाही माहीत नाही, हे सुख किती वर्षांनी मिळालं होतं! अशाच एका रात्री डोळ्यांच्या दवाखान्याचा चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट हाती आला. तो बायकोने मला तेव्हाच वाचून दाखवला होता. “औषध चालू ठेवा, सहा महिन्यांनी या, असं लिहिलंय.” यंत्राने तेही वाचलं आणि पुढे आणखी दोन ओळी वाचल्या. गेलेली नजर परत येण्याची शक्यता नाही. रुग्णाने पांढऱ्या काठीचं प्रशिक्षण सुरू करावं.

मी बटण दाबून त्या ओळी तीनदा ऐकल्या.

त्यानंतरची दोन वर्षं मी कुठे कुठे हिंडलो होतो! हकीम, वैद्य, तेलं, चूर्णं. उधार घेतलं. काठी हाती धरली नाही, कारण नजर येणार होती. डॉक्टरही माझ्याशी कमी आणि बायकोशी जास्त बोलत. आंधळ्या माणसाच्या बाबतीत पुष्कळ जण असंच करतात.

सकाळी मी तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तुम्ही त्या दिवशी नमाज पढून आला होता. चेहऱ्यावर उमेद होती. माझ्या तोंडून निघालंच नाही.”

मला राग आला होता. पण तो टिकला नाही, कारण मला माझी दादी आठवली.

मी सातवीत होतो. चाचा कुवेतला ड्रायव्हर होता. त्याचं उर्दूत लिहिलेलं पत्र आलं की दादी मला हाक मारायची, “क्या लिख्या है रे?” तिला अक्षर ओळखीचं नव्हतं, मी तिचे डोळे होतो. त्या रमजानमध्ये चाचाने लिहिलं होतं की या ईदलाही येता येणार नाही. दादीच्या चेहऱ्याकडे बघून मी वाचलं, “इन्शाअल्लाह, ईदला येईन.” तिने शीरखुर्म्याचे काजू-चारोळी वेगळे काढून ठेवले. चांदरातीला ती उशिरापर्यंत दारात बसून होती.

आपल्याकडे हजरत इब्न उम्मे मकतूम यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ते अंध होते. ते काही शिकायला आले तेव्हा त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं आणि त्यावर सूरह अबस उतरली, हे आपण वाझमध्ये ऐकतो. मला अलीकडे त्यांची दुसरी गोष्ट जास्त आठवते. हदीसमध्ये येतं की ते फजरची अजान देत, पण सकाळ झाली असं लोकांनी सांगितल्यावरच. रोजा ठेवणारे त्यांच्या अजानवर खाणं थांबवत, आणि ते लोकांच्या शब्दावर अजान देत. अवलंबून असण्यात कमीपणा कसला? फक्त ज्याला दिसतं त्याने खरं सांगायला हवं. कुणी मायेपोटी म्हणालं असतं, थांबा, अजून रात्र आहे, तर?

हे सगळं त्या यंत्राचं कौतुक वाटेल, पण त्याची एक मोठी अडचण आहे. त्यात मराठी आहे, हिंदी आहे, इंग्रजी आहे. उर्दू नाही. देवनागरीची अक्षरं शिरोरेषेला ओळीने टांगलेली असतात. नस्तालीक लिपीत अक्षरं उजवीकडून डावीकडे उतरत जातात, एकमेकांवर चढतात, नुक्ते जागा मिळेल तिथे बसतात. १९८१ साली नूरी नस्तालीक संगणकावर आणली तेव्हा अक्षरांचे हजारो जोड हाताने लिहून घ्यावे लागले होते. अशी लिपी यंत्राला वाचायला अवघड जाते. म्हणजे जी भाषा मी शिकवतो, तीच माझ्या यंत्राला येत नाही.

म्हणून मी मुलीला उर्दू शिकवली. ती मराठी शाळेत नववीला आहे. रोज अर्धा तास ती मला वाचून दाखवते. अडखळते, मी सुधारतो. अट एकच, गाळायचं नाही.

मागच्या महिन्यात तिला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत चाचाची पत्रं सापडली. मी तेच पत्र शोधायला सांगितलं. ती हळूहळू वाचत गेली. “या ईदलाही...” इथे ती थांबली. “अब्बू, पुढे वाचू?”

“वाच.”

पुढची ओळ मी पार विसरलो होतो. चाचाने लिहिलं होतं, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलाय. अम्मीला नीट समजावून सांगा, नाहीतर तिला वाटेल मला यायचंच नाही.

दादीला तसंच वाटत राहिलं, शेवटपर्यंत.