खेळ लागणें

मराठी भाषेंत ‘लागणें’ या क्रियापदाइतकें उद्योगी क्रियापद दुसरें क्वचितच सांपडेल. भूक लागते, ऊन लागतें, ठेंच लागते, गोडी लागते, नाद लागतो, आणि लहान मुलाला दृष्टहि लागते. प्रवासांत ज्याच्या पोटांत ढवळून येतें त्याला ‘गाडी लागली’ असें आपण म्हणतों. कोंकणच्या उतारूंना पूर्वीं ‘बोट लागत’ असे. या यादींत आतां आणखी एका प्रयोगाची भर घालण्याची वेळ आली आहे, तो प्रयोग म्हणजे ‘खेळ लागणें’. हा खेळ मैदानावरचा नव्हे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर मुलें जे व्हिडिओ गेम खेळतात, ते पाहतां पाहतां कित्येकांना घेरी येते, कपाळावर घाम सुटतो, तोंडांत लाळ दाटते आणि शेवटीं मळमळ होऊं लागते. खेळाचा नाद लागण्याविषयीं घरोघरीं पुष्कळ चर्चा होते, व ती योग्यच आहे. परंतु खेळ लागण्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. आणि ज्याला तो लागतो त्याची समजूत घालण्याऐवजीं थट्टाच अधिक होते. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय आमच्या घरांत कसा शिरला तें प्रथम सांगितलें पाहिजे. आमचें कुटुंब एकत्र आहे. तीन पिढ्या एका स्वयंपाकघरांत जेवतात. वैद्यकी व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठीं परगांवचीं हजारों मुलें ज्या गांवीं खोल्या घेऊन राहतात, त्या आमच्या लातुरांत खेळाला वेळ देणें ही चैनच समजली जाते. आमच्या घरींहि आठवडाभर खेळाचें नांव काढतां येत नाहीं. अपवाद फक्त रविवारचा. आमचा एक पुतण्या सहकुटुंब जर्मनींत म्युनिक येथें असतो. आमच्याकडे सायंकाळचे पांच वाजतात तेव्हां त्याच्याकडे हिवाळ्यांत दुपारचे साडेबारा आणि उन्हाळ्यांत दीड वाजलेला असतो. त्या वेळीं त्याचा मुलगा आणि आमचीं नातवंडें ‘माइनक्राफ्ट’ नांवाच्या खेळांत एकत्र येतात. स्वीडनमधील एका कंपनीनें २०११ सालीं पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध केलेला हा खेळ म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचें एक अफाट जग आहे. त्यांत खाणी खणाव्या, लांकूड तोडावें, घरें बांधावीं. आमच्या मुलांनीं तेथें एक वाडा उभारला आहे. त्याला चौक आहे, विहीर आहे आणि अंगणांत वृंदावनहि आहे. फोनवर ‘कसा आहेस’, ‘बरा आहे’ यापलीकडे न जाणारा तो परदेशांतला मुलगा भिंत बांधतां बांधतां आपल्या भावंडांशीं चांगला खणखणीत मराठींत भांडतो. आमच्या मतें आज या मुलांची ओसरी ती हीच.

या ओसरीवर आमच्या तेरा वर्षांच्या नातीला मात्र बसतां येईना. दहा-पंधरा मिनिटें झालीं कीं तिचा चेहरा पांढरा पडे, ती मुकाट्यानें उठून मोरीकडे जाई आणि नंतर अंथरुणावर पडून राही. पहिल्यांदा भावंडांनीं चौकशी केली. पुढें ‘नाजूकबाई’ हें नांव पडलें. आणि एका रविवारीं तिच्या वांट्याची विहीर दुसऱ्यानें बांधावी असेंहि ठरून गेलें. वडील मंडळींचे अभिप्राय तीन प्रकारचे होते. आमच्या घरांतून पित्ताचें निदान झालें. धाकट्या सूनबाईंना वाटलें कीं मन घट्ट करून खेळत राहिलें म्हणजे आपोआप संवय होईल. आणि आमच्या वडीलबंधूंनीं, ‘बरें झालें, एकीची तरी या खेळापासून सुटका झाली,’ असें म्हणून प्रकरण निकालांत काढलें. मुलगी कांहींच बोलली नाहीं. पुढचे दोन रविवार ती पांचाच्या सुमारास पुस्तक घेऊन गच्चीवर जाऊन बसली. तें आम्हांला पाहवलें नाहीं.

विद्यार्थ्याला अडलेलें उदाहरण आधीं स्वतः सोडवून पाहावें, ही शिक्षकाची जुनी संवय. त्यानुसार आम्हीं नातीला गच्चीवरून खालीं बोलावलें आणि तिच्या शेजारीं पाट मांडून बसलों. ती खेळत होती, आम्ही नुसते पाहत होतों. तिला बाराव्या मिनिटाला त्रास होऊं लागला; आम्हांला सातव्याच मिनिटाला खांबाचा आधार घ्यावा लागला. आजोबांनाहि खेळ लागतो हें पाहून त्या पोरीच्या तोंडावर कित्येक दिवसांनीं हसूं आलें. तेव्हांपासून आम्हीं दोघांनीं मिळून या दुखण्याचा अभ्यास आरंभिला, आणि परिचयाच्या एका कानाच्या डॉक्टरांचें साहाय्यहि घेतलें.

आपला देह स्थिर आहे कीं हालतो आहे, हें मेंदूला एकटा डोळा सांगत नाहीं. प्रत्येक कानाच्या आंत, ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच, तीन सूक्ष्म अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं नलिका वळते, पण आंतील द्रव क्षणभर मागें राहतो. त्या फरकावरून डोकें कोणत्या दिशेला वळलें हें मेंदूला कळतें. नलिकांच्या बुडाशीं दोन लहान पिशव्या असून त्यांतील चुनखडीसारखे बारीक कण, शरीर पुढें सरकलें किंवा कललें, कीं तशी वर्दी देतात. या यंत्रणेवरील संशोधनासाठीं रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिसरा साक्षीदार म्हणजे पायांचे, पाठीचे व मानेचे स्नायू. या तिघांची साक्ष जुळली कीं मेंदू निश्चिंत असतो. मोटारींत मान खालीं घालून वाचणाऱ्याचा डोळा म्हणतो, ‘सर्व स्थिर आहे’. कान म्हणतो, ‘खोटें, आपण हिंदकळतों आहों.’ पडद्यावरच्या खेळांत नेमकें उलट घडतें. डोळा धांवतो, उड्या मारतो, गर्कन वळतो; आणि कान शपथेवर सांगतो कीं आपण पाटावरून उठलोंहि नाहीं. साक्षी जुळल्या नाहींत म्हणजे न्यायाधीश गोंधळतो, आणि दंड मात्र बिचाऱ्या पोटाला भरावा लागतो. या विकाराची पुष्कळ शास्त्रज्ञांना मान्य असलेली उपपत्ति ती हीच.

खेळणाऱ्यापेक्षां पाहणाऱ्याला त्रास अधिक कां, याचेंहि उत्तर यांतच आहे. ज्याच्या हातीं कळ असते त्याच्या मेंदूला पुढचें वळण आधींच ठाऊक असतें. शेजारीं बसलेल्यावर तें अकस्मात् येऊन आदळतें. तुळजापूरच्या घाटांत मोटार हांकणाऱ्याला गाडी लागत नाहीं, मागें बसलेल्यांना लागते, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे.

आतां दंड पोटालाच कां? ट्रीझमन नांवाच्या संशोधकानें १९७७ सालीं यावर एक तर्क मांडला. पूर्वीं मनुष्याच्या इंद्रियांत असा विसंवाद उत्पन्न होई तो बहुधा एखादें विषारी फळ किंवा मूळ पोटांत गेल्यानें. म्हणून डोळा आणि कान यांचें पटेनासें झालें कीं शरीर पोट रिकामें करण्याच्या उद्योगाला लागतें. हा तर्क सर्वमान्य आहे असें नाहीं, पण तो ऐकून नातीला मोठाच धीर आला. आपलें शरीर दुबळें नसून पहाऱ्यावर जरा अधिक तत्पर आहे, ही कल्पना तिला आवडली. आपल्या चरकाचार्यांनींहि छर्दीचे, म्हणजे वांतीचे, पांच प्रकार सांगतांना दोषांपासून होणाऱ्या चार प्रकारांहून निराळा असा पांचवा प्रकार मानला आहे. तो इंद्रियांना न रुचणाऱ्या विषयांच्या संयोगानें होतो. त्यांच्या दृष्टीपुढें किळसवाण्या वस्तु होत्या, ठोकळ्यांचें जग नव्हतें. तरी इंद्रियांच्या वाटेनें पोट बिघडूं शकतें हें त्यांनीं ओळखलें होतें, एवढें मान्य केलें पाहिजे.

मन घट्ट करण्याच्या उपदेशाचें उत्तर मात्र आम्हांला अनपेक्षित ठिकाणीं मिळालें. हेलिकॉप्टर चालविण्याचें शिक्षण जमिनीवरच देणारें एक यंत्र अमेरिकेच्या आरमारानें वापरावयास घेतलें होतें. खोली जागच्या जागीं, समोरचें दृश्य मात्र उडतें, अशी त्याची रचना. १९५७ सालच्या अहवालांत त्या यंत्रानें लोकांना मळमळतें अशी नोंद झाली. आणि पुढें असें दिसून आलें कीं शिकाऊ उमेदवारांपेक्षां मुरलेल्या शिक्षकांनाच त्रास अधिक होतो! कारण उघड आहे. खऱ्या उड्डाणांत अमुक वळणावर अंगाला अमुक झोंक बसतो हें ज्याला पक्कें ठाऊक, त्यालाच तो न बसल्याचें अधिक जाणवतें. ज्यांनीं आकाशांत वादळें पचविलीं ते वैमानिक खुर्चीवर बसून ओकाऱ्या काढीत असतील, तर त्यांना मनाचा दुबळेपणा कोणत्या तोंडानें चिकटवावा? उलट, १८८२ सालीं विल्यम जेम्स यांनीं मूकबधिर व्यक्तींची पाहणी केली. त्यांतील पुष्कळांना गरगर फिरविलें तरी घेरी येत नसे. त्यांचें धैर्य अधिक होतें म्हणून नव्हे, तर आंतल्या कानाचा साक्षीदारच मुका होता म्हणून. तात्पर्य, खेळ लागणें हा स्वभावाचा दोष नाहीं. मुलाला ऊन लागलें असतां आपण त्याला भित्रा म्हणत नाहीं. मग येथेंच तें कां म्हणावें?

आतां उपायांकडे वळूं. आमच्या लहानपणीं बार्शी लाइट रेल्वेच्या लहान रुळांवरची गाडी लातूरला येत असे. १९११ सालीं ती प्रथम येथवर आली, आणि आतां तिच्या जागीं रुंद रूळ आले आहेत. तिच्या डब्यांत कोणाला मळमळलें कीं वडील माणसें सांगत, ‘खिडकींतून लांबच्या शेताकडे पाहा, पोटाकडे लक्ष देऊं नको.’ त्या जुन्या उपदेशांतलें तत्त्व येथेंहि लागू पडतें. डोळ्याला कांहींतरी अचल वस्तु दिसली पाहिजे. म्हणून आम्हीं प्रथम खोलींतील दिवा लावला, आणि संगणक हातभर मागें सरकवला. आतां पडद्याभोंवतीं भिंत, कोनाडा, खुंटीवरची टोपी दिसत राहते, आणि घर हाललेलें नाहीं याची डोळ्यालाहि खात्री पटते.

दुसरी दुरुस्ती खेळांतच करावयाची. पात्र चालूं लागलें कीं सगळें दृश्य वरखालीं डोलतें. तें डोलणें बंद करण्याची सोय या खेळांत आहे. इतर पुष्कळ खेळांत वेगानें वळतांना चित्र पुसट करण्याची व पडदा थरथरविण्याची योजना असते, तीहि बंद करावी. दृष्टिक्षेत्र फार अरुंद असल्यास थोडें रुंद करावें. आमच्या नातीला ७० अंशांवरून ८५ केल्यावर बरें वाटलें. पात्राच्या डोळ्यांनीं न पाहतां त्याच्या पाठीमागून पाहण्याची सोय असेल तर ती वापरावी. वळण घ्यावयाचें तें सावकाश घ्यावें, आणि नजर मध्यभागींच्या फुलीवर ठेवावी. चित्रें अडखळत सरकत असतील तर त्रास वाढतो. अशा वेळीं चित्रांची शोभा कमी करून गति एकसारखी ठेवणें श्रेयस्कर.

आरंभीं दूरच्या दृश्याचा खेळ घ्यावा, असेंहि आम्हांला सुचवावेंसें वाटतें. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनीं २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. धाकट्या भावाला असुरांपासून सोडविण्यासाठीं निघालेल्या मुलीची ती कथा. दुर्गा आणि विष्णु यांच्या संवादांतून ती उलगडत जाते. त्यांत राजी आपल्याला दुरून दिसते, जशी देवळाच्या गच्चीवरून खालची पालखी दिसावी. आपण स्वतः धांवतों आहों असा आव डोळा तेथें आणीत नाहीं, म्हणून कानाशीं त्याचें भांडणहि होत नाहीं. नातीनें तो खेळ विनासायास पुरा केला, आणि तिचा गेलेला आत्मविश्वास परत आला.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम वेळेचा आहे. पहिली जांभई, पहिला घाम किंवा पोटांतली पहिली अस्वस्थता हीच उठण्याची घंटा समजावी. दांत-ओंठ खाऊन खेळत राहिल्यानें संवय तर होत नाहींच, उलट शरीर त्या खेळालाच विषासमान मानूं लागतें आणि पुढें त्याच्या नुसत्या संगीतानें मळमळतें. आम्हीं पांच मिनिटांपासून आरंभ केला आणि प्रत्येक वेळीं त्रास होण्यापूर्वींच थांबलों. आठवड्याला दोन-तीन मिनिटें वाढविलीं. उपाशीपोटीं किंवा भरल्या पोटीं खेळावयाचें नाहीं. आमच्या घरांतून आल्याची वडी मिळूं लागली. आल्यानें कांहींना आराम पडतो, सर्वांना नाहीं, पण आजीच्या हातून मिळालेल्या वडीचा गुण आम्ही नाकारूं इच्छीत नाहीं. गाडी लागूं नये म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्यांनीं गुंगी येते. खेळासाठीं मुलांना त्या देऊं नयेत. खेळाशिवायहि घेरी येत असेल, कान वाजत असेल, ऐकूं कमी येत असेल, किंवा लखलखत्या दृश्यानें झटके येत असतील, तर तो विषय घरगुती उपायांचा नाहीं. तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

तीन महिन्यांच्या या अभ्यासानें नात आतां चाळीस मिनिटें सुखानें बसते. तिची विहीर तिनेंच पुरी केली, आणि तिच्या कांठावर रहाटहि बसविला. ‘नाजूकबाई’ हें नांव भावंडें आपोआप विसरलीं. कारण तिनें सांगितलेल्या सुधारणांनीं त्यांच्यापैकीं दोघांची डोकेदुखी थांबली, जी त्यांनीं आजवर कोणाला सांगितली नव्हती. चार मुलांच्या घरांत एकजण उघड आजारी पडतो तेव्हां आणखी कोणी मुकाट्यानें सोशीत असण्याचा संभव असतो, हें वडील मंडळींनीं ध्यानांत ठेवावें. वडीलबंधूंचा खेळांविषयींचा ग्रह आहे तसाच आहे, आणि तासाभराची मर्यादा त्यांनींच घातली आहे. ती योग्य आहे. मुलांनीं खेळावें कीं नाहीं व किती, हा विवेकाचा प्रश्न आहे. त्याचा निकाल मळमळीवर सोंपवूं नये.

आमच्यापुरतें म्हणाल तर आमची मजल दहा मिनिटांच्या पुढें जात नाहीं. त्यानंतर आम्ही पडद्याकडे पाठ करून, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसतों. कोणी काय बांधलें, कोणाचें छप्पर पडलें, हें नात आम्हांला सांगत असते, आणि म्युनिकहून मधूनच विचारणा होते, ‘आजोबा, ऐकताय ना?’ आम्ही ‘ऐकतों आहें’ म्हणतों. तेवढ्यानें त्या मुलाचें समाधान होतें.