खाटेच्या अलीकडचे आजारपण

एका घाऊक किराणा पेढीवर पन्नाशीतला एक गुमास्ता होता. उधारीचे प्रत्येक खाते त्याला मुखोद्गत असे. रक्तदाबाची गोळी त्याने दोन महिने घेतली, डोके दुखायचे थांबले आणि गोळीही थांबली. पुन्हा तपासायचे, तर डॉक्टरांची फी आणि अर्ध्या दिवसाचा खाडा! तीन वर्षांनी त्याला पक्षाघात झाला. रुग्णालयाचे बिल शासकीय योजनेतून भागले. उजवा हात मात्र परत आला नाही.

या घटनेत योजनेचा दोष नाही. प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २०१८ पासून पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देते. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. व्यापारी घरांतील सर्वसाधारण मेडिक्लेमलाही बहुतेक उपचारांसाठी किमान २४ तास दाखल होण्याची अट असते. रोजची गोळी, साखरेची तपासणी, रेंगाळणारा ताप हे सारे बाहेरच राहते. राज्य कामगार विम्यात बाह्यरुग्ण उपचार व औषधे मिळतात. परंतु चार-पाच नोकरांच्या दुकानाला तो सक्तीचा नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तरीही तेथील बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ सकाळची, आणि दुकानाची घाईही सकाळचीच. औषध फुकट मिळाले, तरी रोजंदारीवरच्या माणसाला ते मजुरी बुडवूनच घ्यावे लागते. उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही जाणीव न देता वाढत राहतो. त्यामुळे दुखत नसताना मजुरी बुडवायला कोणी धजत नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर किरकोळ खर्च नामंजूर होतो आणि त्यातूनच उद्भवलेला मोठा खर्च मंजूर होतो. ही तूट मालकाला भरून काढता येते. महिन्यातून एकदा दोन तासांची भरपगारी सवड, वर्षातून एकदा रक्तदाब व साखरेची तपासणी, जवळच्या डॉक्टरांकडे पेढीच्या नावे खाते आणि जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळ्या, एवढे पुरे आहे. दिवाळीच्या बोनसपुढे ही रक्कम लहानच ठरेल. नव्या वर्षाच्या वहीत तिच्यासाठी एक स्वतंत्र खाते अवश्य उघडावे.